अक्काचा डावा तळवा

वडिलांच्या पायाचं बोट काळं पडलं त्या उन्हाळ्यात मी मलमपट्टी शिकले. नांदेडच्या शाळेत ते फारसी शिकवत. त्यांना साखरेचा आजार आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. दुपारी जेवणाआधी अनवाणी गोदावरीवर जाऊन यायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. वैशाखात घाटाच्या तापल्या पायऱ्यांवर तळव्याला फोड आला, तो त्यांनी कुणाला दाखवला नाही. दाखवला तोवर करंगळी गेली होती आणि शेजारच्या बोटाला वास यायला लागला होता.

डॉक्टरसाहेब रोज घरी यायचे. भावाला रक्त बघवत नसे आणि आई दाराआड उभी राहून डोळ्यांना पदर लावी. तसराळं धरायला मीच उरले. नवऱ्याला टायफॉइडनं नेल्यावर मी माहेरी परत आले होते, आणि घरात माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. डॉक्टरसाहेब काम करता करता बोलत. हे मेलेलं मांस, हे जिवंत. मेलेलं काढायचं, जिवंताला धक्का लावायचा नाही. मी चिमटा हातात घ्यायला लागले. पुढं पुढं ते नुसते बघत आणि पट्टी मी बांधत असे. श्रावणात वडील गेले.

नंतर काही दिवसांनी डॉक्टरसाहेब आमच्या ओट्यावर येऊन बसले. ते मूळ हैदराबादचे, मुसलमान, मराठी चांगलं बोलत पण उर्दूच्या वळणानं. आईला म्हणाले, "बाई, खेड्यातल्या बायका माझ्यासमोर पाय उघडा करत नाहीत. नारूचा किडा आत सडतो, तरी करत नाहीत. तुमच्या मुलीचा हात चांगला आहे. मी तिला तालीम देतो."

भाऊ कोर्टात कारकून होता. तालीम म्हटल्यावर त्याला आधी आखाडाच आठवला आणि तो हसला. मग प्रकार ध्यानात आल्यावर त्याचं हसू गेलं. बामणाची विधवा दवाखान्यात बसून कुणाकुणाचे पाय धुणार, असं तो म्हणाला. आई वाती वळत राहिली. शेवटी म्हणाली, "घरात बसून तरी ती काय करणार आहे? वाती वळायला मी आहे."

असा तो निर्णय झाला.

दवाखाना कापूस पिंजायच्या जिनाच्या मागं होता. रुईच्या गाड्या सारख्या ये-जा करायच्या आणि कापसाची म्हातारी हवेत तरंगत येऊन औषधाच्या बाटल्यांवर बसायची. डॉक्टरसाहेब सगळेच आजार बघत, पण गावात त्या जागेला पायाचा दवाखाना म्हणत. बारवांचं पाणी पिऊन खेडीच्या खेडी नारूनं आडवी पडायची. त्याशिवाय बाभळीचे काटे, कुजलेल्या भेगा, बैलगाडीच्या चाकाखाली आलेले पाय. लढाईचे दिवस होते. औषधं मिळत नसत. पट्ट्या आम्ही उकळून, वाळवून पुन्हा वापरत असू.

तिथं माझ्याआधी एक बाई शिकत होती. धर्माबादकडच्या एका खेड्यातली शेतकरीण, वय पस्तिशीच्या पुढं. नवरा पटकीनं गेला आणि दिरांनी तिला एका कोपऱ्यात ढकललं, तेव्हा ती एकुलत्या मुलीला घेऊन नांदेडला आली. आधी दवाखान्यात झाडलोट करायची. बायका तिच्याशी बोलतात, तिला पाय दाखवतात, हे बघून डॉक्टरसाहेबांनी तिला हाताखाली घेतलं. तिच्या गावाकडं तेलंगी बोली मिसळलेली, म्हणून तिला सगळे अक्का म्हणत. मीही अक्काच म्हणायला लागले. ती मला बाई म्हणे, आणि मनातून काही सांगायचं असलं की माय म्हणे.

डॉक्टरसाहेबांची शिकवण एका ठरावीक क्रमानं चाले. आधी पाय धुवायचे, मग गाव विचारायचं, दुखणं सगळ्यांत शेवटी. पाय धुताना माणूस ढिलं होतं आणि खरं सांगतं, असं त्यांचं म्हणणं. पाणी कोपर बुडवून बघायचं, बोटं बुडवून नाही. माझ्यापुढं पहिला पाय आला तो विष्णुपुरीच्या एका बाईचा. घोट्याच्या वर फोड फुटून पांढरा दोरा बाहेर लोंबत होता. घरच्यांनी त्यावर शेण बांधलं होतं. मी शेण धुतलं, आणि उठून जिनाच्या भिंतीमागं जाऊन ओकले. परत आले तेव्हा अक्कानं तो दोरा बारक्या काडीला गुंडाळायला घेतला होता. ती दोन बोटांनी काडी फिरवायची आणि थांबायची, फिरवायची आणि थांबायची. बाई रडत होती आणि अक्का तिला माहेर कुठलं, भाऊ किती, असं विचारत होती. किडा तुटला तर पाय सुजून माणूस जातं, हे मला तिनं त्या बाईसमोर सांगितलं नाही. बाई गेल्यावर सांगितलं.

संध्याकाळी घरी गेले की परसातच आंघोळ करायची, दवाखान्याचं लुगडं बाहेरच्या दांडीवर ठेवायचं आणि मगच स्वयंपाकघरात जायचं, असं आईनं लावून दिलं होतं. थंडीत अंग काकडायचं. मी तक्रार केली नाही. दिवसभर कुणीतरी माझी वाट बघत असे, आणि हे सुख मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं.

रोगी नसले की दुपारची भाकरी आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून खायचो. तिच्या भाकरीवर अंबाडीची भाजी असायची, माझ्याकडं मेतकूट. अदलाबदल व्हायची. ती मुलीबद्दल बोलायची. मुलगी सोळा-सतराची झाली होती, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं थोराड. दिरानं नाही म्हणता म्हणता एक स्थळ आणलं होतं, लातूरचं. मुलगा तिथल्या गोलाईच्या बाजारात एका आडतीत मापाड्या होता, गावाजवळ थोडी जमीन होती. माणसं बरी वाटत होती. उन्हाळ्यात लग्न धरायचं ठरलं होतं.

त्या थंडीत डॉक्टरसाहेबांनी आम्हाला बधिरपणा ओळखायला शिकवलं. रगतपितीचा, म्हणजे महारोगाचा, रोगी पहिल्यांदा येतो तेव्हा त्याला फक्त जखम दिसते. ती का झाली हे त्याला ठाऊक नसतं. ते शोधायला एक कोंबडीचं पीस आणि एक टाचणी पुरते. रोग्यानं डोळे मिटायचे, आपण पीस हलकेच टेकवायचं, जिथं कळलं तिथं त्यानं बोट ठेवायचं. सोपं होतं, पण हात स्थिर पाहिजे. "एकमेकींवर शिका," असं सांगून डॉक्टरसाहेब आत एका काटा रुतलेल्या हमालाकडं गेले.

आधी माझी पाळी. मला गुदगुल्या फार. पीस लागायच्या आधीच मी पाय ओढून घ्यायची, आणि अक्का रागावल्याचं सोंग करायची. मग ती भिंतीला टेकून बसली, लुगडं घोट्यापर्यंत सावरलं आणि पाय माझ्यापुढं केले. शेतात राबलेले पाय, भेगा पडलेले, पण स्वच्छ. उजव्या तळव्याला पीस लावलं. तिनं बरोबर बोट ठेवलं. टाचेला लावलं, बरोबर. मी डावा पाय घेतला.

तळव्याच्या बाहेरच्या बाजूला मी पीस टेकवलं. तिचा हात हलला नाही. मी पीस करंगळीपासून टाचेपर्यंत ओढत नेलं.

"लाव की, बाई," ती डोळे मिटूनच म्हणाली. "किती येळ?"

 मला वाटलं कातडी जाड आहे, म्हणून मी टाचणी घेतली. टाचणी मी हळूच टेकवली, मग दाबली. टोकाशी रक्ताचा थेंब आला. अक्का तशीच बसून होती. मी मुद्दाम उशीर लावून तिची गंमत करते आहे असं तिला वाटत होतं, आणि तिच्या ओठांवर हसू होतं.

मी वर बघितलं तर दारात डॉक्टरसाहेब उभे होते. हात पुसायचा कपडा त्यांच्या हातात तसाच राहिला होता. ते आत आले आणि पाटलोणीसकट खाली जमिनीवर बसले. त्यांना जमिनीवर बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी एका बाटलीत गरम पाणी भरून मागितलं, एका बाटलीत गार. दोन्ही बाटल्या त्यांनी तिच्या तळव्याला आळीपाळीनं लावल्या. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोटांनी चाचपलं, माझं बोट धरून तिथं ठेवलं. कातडीखाली दोरीसारखी जाड शीर लागत होती. त्याही वेळी ते मला शिकवतच होते. त्याचा मला राग आला.

अक्कानं डोळे उघडले होते. तिनं टाचणी बघितली, रक्त बघितलं, डॉक्टरांना खाली बसलेलं बघितलं. दुसऱ्या रोग्यांना ते अशा दोन बाटल्या लावायचे तेव्हा पाणी तीच आणून द्यायची.

"रगतपिती हाय का?" तिनं विचारलं.

"हो," डॉक्टरसाहेब म्हणाले.

 बाहेर गाडीवान बैलांना ओरडत होता.

"पोरीचं लगीन व्हईल का?"

डॉक्टरसाहेब उठले आणि दोन्ही बाटल्या मोरीत रिकाम्या करायला घेऊन गेले.

त्यांनी नंतर आम्हाला दोघींना समजावून सांगितलं. रोगाचे प्रकार असतात. अक्काला झाला होता त्यात शिरा मरतात, कातडी बधिर होते, पण तो सहसा दुसऱ्याला लागत नाही. चेहरा बिघडेल असं आज तरी दिसत नव्हतं. कडू कवठाच्या तेलाची सुई घेतली तर थांबेलही. पण हे सगळं लातूरच्या माणसांना कोण सांगणार आणि ती ऐकणार थोडीच. गोष्ट आम्हा तिघांत ठेवायची ठरली. अक्कानं उघड्या जखमांना हात लावायचा नाही. पाय धुणं, बोलणं, नव्या बायकांना धीर देणं एवढंच करायचं.

तेलाची सुई द्यायला मी तिच्यावर शिकले. ते तेल घट्ट असे, गरम करून पातळ करावं लागे, आणि सुईही जाड. दिल्या जागी गाठ यायची, कधी पिकायची. पहिल्या वेळी मी सुई भरतानाच तेल सांडलं. अक्का पालथी पडून होती. म्हणाली, "भिऊ नको, माय. हळूहळू दाबशील तर जास्ती दुखतं." दुखतं म्हणजे किती, हे तिच्या मुठीकडं बघून कळे.

डॉक्टरसाहेबांनी चांभाराकडून तिला मोटारीच्या टायरची चप्पल करवून घेतली. कधीही अनवाणी चालायचं नाही, रोज दिवेलागणीच्या आधी तळवा उलटा करून बघायचा, असा हुकूम होता. तिला चप्पल कधी घातलेली ठाऊक नव्हती. गल्लीतल्या बायका तिला मडम म्हणायला लागल्या. ती हसून घ्यायची.

पायरीवर आम्ही अजूनही शेजारी बसायचो. पण तिनं आता भाकरीचं फडकं आपल्या पलीकडच्या बाजूला सोडायला सुरुवात केली. ती पुढं करत नव्हती आणि मीही मागत नव्हते.  घरी आंघोळ झाली की परसात भिंतीआड बसून मी माझ्या तळव्यांना पीस लावून बघायची. गुदगुल्या झाल्या की जीव खाली पडायचा. मी पायाला तेल लावते आहे असं आईला वाटे.

लग्न लातूरला मुलाच्या दारात होतं, कारण अक्काच्या दारात मांडव घालायला दारच नव्हतं. दूरची मावशी म्हणून मी बरोबर गेले. डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तिच्या पायांकडं लक्ष ठेव, तुला तेवढंच काम. सर्व्हिस मोटार लोहा, अहमदपूर करत धूळ खात दिवस मावळताना लातूरला पोचली. दीर-जाऊ आधीच आले होते. कन्यादान तेच करणार होते. आम्ही दोघी विधवा. आमची जागा मागं, चुलीपाशी.

मुहूर्त भर दुपारचा. अंगणात शहाबादी फरशी होती आणि मांडवाची सावली नवरा-नवरीपुरती. अक्षता टाकायला आलेली माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. अक्का एका कडेला उन्हात उभी होती, मुलीकडं बघत. चप्पल तिनं दाराबाहेरच सोडली होती. मी जवळ जाऊन तिला सावलीत ओढायला लागले, तेवढ्यात नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "विहीणबाईचे पाय पोळत न्हाईत का वो?"

मी म्हटलं, "जन्म शेतात गेला त्यांचा. सवय आहे."

आत्या म्हणाली, "आमचा बी शेतातच गेला की." पण तेवढ्यात अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली आणि ती पुढं गेली.

मी अक्काला मागं नेऊन तळवा बघितला. लाल झाला होता, फोड नव्हता. मी तिला म्हटलं, चप्पल घाल. ती म्हणाली, "चुलीपुढं चप्पल घालून हिंडू? काय म्हणतील?" मग तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. "आजचा दिस, माय. आज झालं का मंग तू म्हणशील तसं."

जेवणावळी दिवस कलेपर्यंत चालल्या. मागच्या अंगणात जमिनीत चर खणून चुली केल्या होत्या. एका कढईखालचं लाकूड ओढून काढताना निखारे बाहेर सांडले. अक्का भाकरी भाजणाऱ्या बायकांना पीठ मळून देत होती. मला पाणी आणायला पाठवलं होतं. मी घागर घेऊन परत आले तेव्हा केस जळाल्यासारखा वास आला. मी चुलीकडं बघितलं, कढईकडं बघितलं, मग खाली बघितलं. अक्का डाव्या टाचेखाली निखारा घेऊन उभी होती आणि शेजारणीला हसून काहीतरी सांगत होती.

मी तिला दंडाला धरून ओढलं. "काय झालं?" ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून तिनं खाली बघितलं.

गोठ्यात नेऊन मी तिला गव्हाणीवर बसवलं. टाचेचं मांस पांढरं पडलं होतं, मधे काळं. मी माझ्या लुगड्याचा काठ फाडून पट्टी केली. ती स्वतःच्या पायाकडं दुसऱ्याच्या पायाकडं बघावं तसं बघत होती. रडली नाही. लुगडं ओढून तिनं पट्टी झाकली आणि पुन्हा पीठ मळायला गेली. दुसऱ्या दिवशी मुलगी सासरच्या माणसांत बसली होती, हिरव्या चुड्यात, मान खाली. अक्कानं तिच्या तोंडावरून हात फिरवला, आणि आम्ही मोटारीला निघालो. मोटारीपर्यंत ती माझ्याशिवाय कुणाचा आधार न घेता चालली.

नांदेडला पोचेपर्यंत पट्टीतून पाणी गळायला लागलं होतं. डॉक्टरसाहेबांनी जखम उघडली आणि त्यांना इतका संताप आला की त्यांनी हातातलं भांडं आपटलं. मग ते शांत झाले आणि कापायला बसले. बधिर करायचं औषध लागलंच नाही. पुढचे सगळे दिवस मी सकाळ-संध्याकाळ ती टाच धुतली. डॉक्टरसाहेबांनी मला जे जे शिकवलं होतं ते सगळं केलं. पाय टेकू नको म्हटलं तरी ती टेकायची, कारण तिला तो आपला वाटतच नव्हता. आषाढात जखमेतून हाडाचा तुकडा निघाला. दवाखान्यात येणाऱ्या बायका तिच्याकडं बघून कुजबुजायला लागल्या. एकदोघी माघारी गेल्या.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "माझ्याकडं चाकू आहे, पलंग नाही. पाय कापावा लागेल, आणि नंतर ठेवून घेणारं कुणीतरी पाहिजे." तेलंगणात मिशनरी लोकांची एक वसाहत होती, तिथं अशांना ठेवून घेत. सगळे रोगीच असल्यामुळं तिथं कुणी कुणाला हटकत नाही, असं ते म्हणाले.

अक्कानं एक दिवस विचार केला. मग मला म्हणाली, "दिराला सांग, बायांसंगं काशीला गेली म्हणून. वापस न्हाई आली म्हणून. काशीहून लई जण वापस येत न्हाईत."

"आणि मुलगी आली तर?"

"तिला बी तेच. तिला आता सासर हाय. तिथं मपल्या रोगाचं नाव गेलं तर तिला घराबाहेर काढतील." ती थांबली. "आली तर जेवू घाल. उपाशी धाडू नको."

मी आणि ती आगगाडीनं गेलो. पाय चादरीत गुंडाळला होता, तरी वास यायचाच. डब्यातली माणसं एकेक करून सरकत गेली आणि आमच्याभोवती बाक मोकळा झाला. एका म्हाताऱ्यानं दाराजवळ बसा म्हणून सांगितलं, तेव्हा आम्ही दाराजवळ जाऊन बसलो. बाहेर भाताची शेतं लागली. अक्काला तिकडची बोली कळत होती. स्टेशनांवरची माणसं काय बोलतात ते ती मला सांगत राहिली. एक जण म्हैस हरवल्याचं सांगत होता, एक जण सासऱ्याला शिव्या देत होता. जन्मात पहिल्यांदा प्रवासाला निघाल्यासारखी ती बोलत होती.

स्टेशनाबाहेर वसाहतीची बैलगाडी उभी होती. हाकणाऱ्याला बोटं नव्हती. कासरा त्यानं मनगटाला गुंडाळला होता. त्याला बघून ती एकदम गप्प झाली. गाडीत बसताना तिनं मला हात लावला नाही. दुरूनच म्हणाली, "जा तू. परतीची गाडी चुकंल."

दिवाळीला मुलगी नवऱ्यासोबत दवाखान्यात आली. मी ठरल्याप्रमाणं सांगितलं. जावई हळहळला, तिच्या नावानं काही क्रियाकर्म करायला पाहिजे का असं विचारायला लागला. भला माणूस होता. मी दोघांना घरी नेलं, आईनं पुरण घातलं. मुलगी खाली बघून जेवली. काशीला कुणाबरोबर गेली, कधी गेली, एक शब्द तिनं विचारला नाही. धक्का बसला असेल, असं मी समजले.

दवाखान्यात दोन नव्या बायका शिकायला आल्या आणि डॉक्टरसाहेबांनी त्या माझ्या हाती दिल्या. मी त्यांना पाणी कोपरानं बघायला शिकवलं, काडी फिरवायला शिकवलं. पिसाची तालीम मी त्यांना एकमेकींवर करू दिली नाही. डॉक्टरसाहेबांच्या ते लक्षात आलं.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी हत्यारं उकळत असताना त्यांनी मला सांगितलं की वसाहतीचं पत्र आलं, अक्का गेली. पाय गुडघ्याखाली कापला होता आणि जखम भरूनही आली होती. लाकडी पायावर ती चालायला लागली होती, तिथल्या बायकांच्या पट्ट्या बांधत होती. मग वसाहतीत हगवणीची साथ आली. एवढंच. बाहेर रोग्यांची रांग लागली होती. आम्ही रांग संपवली.

मला वाटलं, मुलीला आता सांगायला हवं. अक्कानं जिवंतपणीचं बंधन घातलं होतं, मेल्यावरचं नाही, असा मी अर्थ लावला. हैदराबाद संस्थानात ते दिवस बिघडायला लागले होते. मोटार वाटेत दोनदा थांबवून सामान उपसून बघितलं गेलं. लातूरला मी मावशी म्हणूनच त्या घरी गेले. मुलीच्या काखेला तान्हं मूल होतं. सासू घरात असल्यामुळं आम्ही पाण्याच्या निमित्तानं आडावर गेलो. मी तिला सगळं सांगितलं, रोगापासून हगवणीपर्यंत.

तिनं घागर कठड्यावर ठेवली. मूल दुसऱ्या काखेला घेतलं.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "लग्नात मी पाणी प्यायला मागं आल्ते. माय इस्तवावर हुभी होती. तू नव्हतीस तव्हा. मी बगितलं."

मी कठड्यावरची घागर उगाच सरळ केली.

"हाक मारली असती तर समद्यांनी बगितलं असतं. म्हणून मी तशीच आत गेले." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मला वाटलं, तिला कळंल. आत्ता पाय काढंल, मंग काढंल, असं वाटलं. लई येळ हुभी होती, मावशी."

 शेवटी मी माझं काम केलं. तिला म्हटलं, तुझे पाय मला बघू दे, आणि बाळाचेही, उगाच शंका नको.

"नको," ती म्हणाली. "कळून तरी काय करायचं?"

मी तिला सांगितलं, भाजलं आणि कळलं नाही, किंवा कातडीवर फिकट चट्टा दिसला, तर लपवू नको, नांदेडला ये. आता लवकर आलं तर थांबवता येतं. तिनं मान हलवली. ती ऐकत होती की नाही, सांगता येत नाही. मग तिनं आडात पोहरा सोडला, घागर भरली आणि डोक्यावर घेतली.

"तुमी आता येऊ नका," जाताना ती म्हणाली. "सासू इचारती, ही मावशी कोणच्या गावची. मला दर बारीला नवं सांगावं लागतं."

मी चहा न घेताच निघाले. पुढं राज्य बदललं, डॉक्टरसाहेब दवाखाना बंद करून हैदराबादला भावांकडं गेले, आणि मला सरकारी इस्पितळात जागा मिळाली. नर्सिंगच्या मुलींना शिकवायच्या निमित्तानं लातूरला माझं जाणं झालं. गोलाईत एकदा ती मला दिसली, दोन मुलं बरोबर होती. तिनं मला ओळखलं. तिच्या पायात टायरची चप्पल होती. तिनं पदर पुढं ओढला आणि मुलांना घेऊन ती भुसाराच्या दुकानाकडं वळली.